रशियन शिकताना नेमके कुठे अडते, आणि मराठी भाषकाने अभ्यास कसा आखावा

रशियन शिकवणारी बहुतेक पुस्तके आपल्या हाती इंग्रजीतून येतात, आणि अवघड काय व सोपे काय याचा त्यांतला क्रम इंग्रजी भाषकाच्या सोयीने लावलेला असतो. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा-प्रशिक्षण संस्था असे धरते की, इंग्रजी भाषकाला रशियन कामकाजापुरती येण्यास सुमारे ४४ आठवडे, म्हणजे वर्गातले ११०० तास, लागतात. फ्रेंच किंवा स्पॅनिशला ती याहून बराच कमी वेळ देते. विभक्ती, तीन लिंगे, कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलणारे भूतकाळी क्रियापद या गोष्टी त्या विद्यार्थ्याला नव्याने उमगाव्या लागतात. आपल्याला त्या आईच्या भाषेतच मिळालेल्या आहेत. म्हणून पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्याने, वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला निघालेल्याने किंवा गोव्याच्या मोरजी-हरमल भागात रशियन पर्यटकांशी रोज बोलावे लागणाऱ्याने एकच धोरण ठेवावे असे मला वाटते: जिथे मराठी हात देते तिथे भराभर पुढे जावे, आणि वाचलेला सगळा वेळ जिथे ती हात देत नाही तिथे घालवावा.

लिपीवर फार दिवस घालवू नयेत. अक्षरे ३३ आहेत आणि रोज थोडे लिहिले तर ती दोन आठवड्यांत बसतात. फसवतात ती फक्त रोमन अक्षरांसारखी दिसणारी: इंग्रजी ‘पी’सारखे दिसणारे अक्षर ‘र’ असते, ‘सी’सारखे ‘स’, ‘एच’सारखे ‘न’, ‘बी’सारखे ‘व’. त्यामुळे रस्त्यावरची ‘रेस्तरान’ ही पाटी नवखा माणूस ‘पेक्टोपाह’ अशी वाचतो. रशियात शिकायला जाणाऱ्यांनी मात्र हाताने लिहिण्याची जोडलिपी आधीच शिकून घ्यावी, कारण फळ्यावर आणि वहीत तीच असते, आणि तिच्यात छापील अक्षरांपैकी काही ओळखूही येत नाहीत.

खरी अडचण उच्चारापासून सुरू होते, आणि त्यातही आघातापासून. मराठीत शब्दाच्या कोणत्या अक्षरावर जोर पडतो याने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान आघात ऐकतच नाही. रशियनमध्ये ‘मुका’ हा शब्द पहिल्या अक्षरावर जोर दिला तर यातना आणि दुसऱ्यावर दिला तर पीठ असा अर्थ देतो. ‘झामक’ म्हणजे किल्ला आणि ‘झमोक’ म्हणजे कुलूप, पण दोन्हींचे लेखन एकच. ज्या ‘ओ’वर आघात नाही तो ‘अ’सारखा उच्चारला जातो, म्हणून लेखनात तीन ‘ओ’ असलेला दुधासाठीचा शब्द बोलताना ‘मलको’ होतो आणि ‘चांगले’ या अर्थाचा शब्द ‘खरशो’. यावर कडी म्हणजे एकाच शब्दाच्या रूपांत आघात जागा बदलतो: हात या अर्थाच्या ‘रुका’ शब्दात तो शेवटी असतो, पण ‘रुकु’ या कर्माच्या रूपात तो पहिल्या अक्षरावर येतो, ‘रुकी’ हे रूप शेवटी आघात घेते तेव्हा ‘हाताचा’ आणि सुरुवातीला घेते तेव्हा ‘अनेक हात’. वर्तमानपत्रांत आणि कादंबऱ्यांत आघात छापत नाहीत. तो फक्त शब्दकोशांत आणि विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत मिळतो.

त्यामुळे आघातचिन्हाशिवाय एकही नवा शब्द वहीत लिहू नये, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. शंका आली तर ‘ग्रामोता’ या रशियन संकेतस्थळावरच्या शब्दकोशांत आघातासह शब्द सापडतो. परदेशी भाषकांसाठीच्या ‘टॉर्फल’ परीक्षेच्या पहिल्या प्रमाणपत्रासाठी सुमारे २३०० शब्द अपेक्षित असतात. ते चुकीच्या आघाताने पाठ झाले तर पुढे प्रत्येक शब्द पुसून पुन्हा शिकावा लागतो, आणि ते काम पहिल्यांदा शिकण्याहून कितीतरी जड जाते.

दुसरी ध्वनीची अडचण म्हणजे ‘मऊ’ व्यंजने. मराठी व्याकरणात ज्यांना मृदू व्यंजने म्हणतात त्यांच्याशी यांचा संबंध नाही. जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलून तेच व्यंजन म्हटले की ते रशियनमध्ये मऊ होते. ‘ब्रात’ म्हणजे भाऊ आणि ‘ब्रात्य’ म्हणजे घेणे, पण या दुसऱ्या शब्दात ‘त’नंतर ‘य’ वेगळा ऐकू येता कामा नये. ‘त’ म्हणतानाच जीभ टाळूला भिडलेली हवी. ‘असणे’ आणि ‘मारणे’ या अर्थांच्या क्रियापदांत तर फक्त स्वराचा व त्यामागच्या ‘ब’चा फरक आहे: पहिल्यातला स्वर ‘इ’ आणि ‘ऊ’ यांच्या मधला असून, ‘ऊ’ म्हणता म्हणता जीभ तशीच ठेवून ओठ पसरले की तो जवळपास साधतो. इथे मराठीचे काही उपकारही आहेत. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतले दोन वेगळे ‘च’ आपण सहज म्हणतो, आणि रशियनला दोन्ही लागतात. ‘त’ आणि ‘द’ दंत्य आहेत, तेव्हा इंग्रजीच्या सवयीने ‘ट’ आणि ‘ड’ म्हणण्याचा मोह टाळावा.

विभक्तींना घाबरू नये. रशियनमध्ये त्या सहा आहेत. ‘पेनने लिहितो’ या वाक्यातला ‘ने’ तिथे तृतीयेसारख्या एका विभक्तीने, कोणत्याही शब्दयोगी अव्ययाशिवाय, दाखवतात. ‘मला आवडते’, ‘मला थंडी वाजते’ यांतला ‘मला’ रशियनमध्येही चतुर्थीतच येतो. ‘मुंबईला’ आणि ‘मुंबईत’ यांत आपण जो फरक करतो तोच ‘व मस्क्वू’ आणि ‘व मस्क्व्ये’ यांत आहे. ‘मी टेबल पाहतो’ पण ‘मी भावाला पाहतो’, हा सजीव-निर्जीवाचा भेदही तिथे आहे: पुल्लिंगी एकवचनात आणि सगळ्या लिंगांच्या अनेकवचनात सजीव कर्माचे रूप वेगळे होते. इंग्रजी पुस्तक ज्यावर पाने खर्च करते ते आपण एका वाक्यात समजून घेऊ शकतो. कष्ट आहेत ते रूपांचे, कारण आपला ‘ला’ सगळ्या शब्दांना सारखाच लागतो, तर रशियन प्रत्यय लिंग, वचन आणि शब्दाच्या शेवटच्या ध्वनीप्रमाणे बदलतो आणि विशेषणही त्याच्या मागे धावते. तक्ता पाठ करण्यापेक्षा प्रत्येक विभक्तीची पाच-सहा रोजची वाक्ये तोंडी करावीत आणि तक्ता पडताळण्यापुरता उघडावा. एका जागी मराठी वाट चुकवते. ‘मी कादंबरी वाचली’ या वाक्यात आपले क्रियापद कर्माच्या मागे जाते. रशियनमध्ये ते नेहमी कर्त्याच्या मागे जाते, म्हणून पुरुष ‘चिताल’ म्हणेल आणि स्त्री ‘चिताला’, मग वाचलेले काहीही असो.

सगळ्यांत अवघड विषय म्हणजे क्रियापदांच्या जोड्या. जवळपास प्रत्येक क्रियेला एक अपूर्ण आणि एक पूर्ण रूप असते: ‘चितात्य’ आणि ‘प्रचितात्य’, ‘पिसात्य’ आणि ‘नपिसात्य’, तर काही जोड्या, जसे ‘बोलणे/सांगणे’ या अर्थाचे ‘गवरीत्य’ आणि ‘स्कझात्य’, दिसायला पूर्ण वेगळ्या. इंग्रजीच्या काळांवरून हे समजून घेण्याचा प्रयत्न करू नये. तो हमखास फसतो. मराठीतली ‘वाचत होतो’ आणि ‘वाचून काढले’, ‘करत होतो’ आणि ‘करून टाकले’ ही जोडी मनात ठेवावी. पूर्ण रूपाला वर्तमानकाळ नसतो, कारण चालू असलेली गोष्ट एकाच वेळी संपलेली कशी असेल? म्हणून ‘प्रचितायु’ म्हणजे ‘वाचून काढीन’. काम सुरू करणे, चालू ठेवणे किंवा थांबवणे या अर्थाच्या क्रियापदांनंतर नेहमी अपूर्ण रूपच येते. नकारार्थी आज्ञेतही बहुधा तेच. मात्र ‘पडशील हं!’ असे सावध करायचे असेल तर पूर्ण रूप येते. ‘तू हे पुस्तक वाचले आहेस का?’ अशा, केवळ अनुभव विचारणाऱ्या प्रश्नात रशियन माणूस अपूर्ण रूप वापरतो, आणि इथे मराठीवर विसंबून चालत नाही. अशी ठिकाणे सापडतील तशी वेगळ्या पानावर वाक्यांसकट उतरवून ठेवावीत, कारण त्यांचे नियम वाचून लक्षात राहत नाहीत, वाक्ये राहतात.

गतिदर्शक क्रियापदे याच विषयाचा पुढचा भाग आहेत. आपण चालत गेलो काय किंवा गाडीने, ‘गेलो’च म्हणतो, रशियनमध्ये पायी जाणे आणि वाहनाने जाणे यांना वेगळी क्रियापदे आहेत, आणि त्या प्रत्येकाची पुन्हा एका दिशेने चाललेली व ये-जा करणारी अशी दोन रूपे. अशा सुमारे १४ जोड्या धरतात. सुरुवातीला पायी, वाहनाने आणि विमानाने जाण्याच्या तीनच जोड्या पक्क्या कराव्यात. ‘काल मी सिनेमाला जाऊन आलो’ असे म्हणायचे असेल तेव्हा ये-जा करणारे ‘खदील’ हे रूप येते. ‘ब्रात प्रियेखल’ म्हणजे भाऊ आला आणि इथेच आहे. ‘ब्रात प्रियझ्झाल’ म्हणजे भाऊ येऊन गेला. ‘जाऊन आलो’ आणि ‘येऊन गेला’ ही आपली रोजची रूपे हा भेद इतका नेमका पकडतात की, कोणत्याही इंग्रजी स्पष्टीकरणापेक्षा मी तीच हाताशी ठेवीन. उपसर्ग नंतर घ्यावेत, आणि तेही नकाशा समोर ठेवून: घरातून बाहेर पडलो, रस्ता ओलांडला, दुकानापर्यंत पोहोचलो, दुकानात शिरलो, परत निघालो. आपल्याच गल्लीचा हा प्रवास रोज मोठ्याने सांगावा.

उरल्या संख्या. एकानंतर नाम प्रथमेच्या एकवचनात येते, दोन ते चारनंतर षष्ठीच्या एकवचनात, पाच ते वीसनंतर षष्ठीच्या अनेकवचनात, आणि एकवीसला पुन्हा एकवचन. वर्षे मोजताना ‘अद्यीन गोद, द्वा गोदा, प्यात्य ल्येत’ असे होते. रुपये मोजताना ‘अद्ना रूपिया, द्व्ये रूपीई, प्यात्य रूपीय’. षष्ठीचे अनेकवचन हे रशियन रूपांमधले सगळ्यांत अनियमित रूप असल्याने ते स्वतंत्रपणे पाठ करण्याऐवजी किमती, वय आणि तास यांच्यासोबत बोलून बसवावे: बाजाराच्या यादीतली प्रत्येक किंमत रशियनमध्ये मोठ्याने म्हणावी, आणि १, ३, ५, २१, २४ व १०० हे आकडे प्रत्येक नव्या नामाला लावून पाहावेत.