पैसे गेले, अर्ज गेला नाही

रात्री ११ वाजून ४१ मिनिटांनी फोनवर बँकेचा मेसेज आला. कॉलेजप्रवेशाच्या ऑनलाइन अर्जाची फी खात्यातून वजा झाली होती. लॅपटॉपवर मात्र 'थांबा' सांगणारा तो गोल फिरतच होता आणि खाली लाल अक्षरांत, 'कृपया पान बंद करू नका, मागे जाऊ नका.' मी आज्ञाधारकपणे गोलाकडे बघत बसले. ११ वाजून ५३ मिनिटांनी पान पांढरं झालं आणि वरच्या कोपऱ्यात ५०४ हा आकडा उमटला. मुदत १२ ची. पुन्हा लॉगिन करायला गेले तर पान उघडेना. मग मीच माझी समजूत घातली, 'पैसे गेलेत ना, म्हणजे अर्ज गेलाच.' आणि झोपले.

पहिल्या यादीत नाव नव्हतं. नाकारलेल्यांतही नव्हतं. लॉगिन करून बघितलं तर माझ्या अर्जापुढे एकच शब्द होता: 'अपूर्ण'.

फॉर्म कसा भरायचा, फोटो किती केबीचा लागतो, कागदपत्रं कुठल्या क्रमाने चढवायची, हे तुम्हाला ठाऊक असेल, नसेल तर माहितीपुस्तिकेत आहे. मला लिहायचंय ते त्या ११:४१ आणि ११:५३ च्या मधल्या बारा मिनिटांबद्दल.

पैसे घेणारा एक असतो आणि अर्जावर शिक्का मारणारा दुसरा. सगळा घोळ इथे आहे. 'फी भरा' दाबलं की कॉलेजची साइट तुम्हाला पेमेंट गेटवेकडे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणाऱ्या मधल्या सेवेकडे, सोपवते. गेटवे बँकेला विचारतो, बँक पैसे कापते आणि तुम्हाला मेसेज पाठवते. इथवर कॉलेजच्या सर्व्हरचा, म्हणजे साइट चालवणाऱ्या संगणकाचा, काही संबंध नसतो, म्हणून तो कोलमडलेला असला तरी हे सगळं सुरळीत होतं. खरी गोम त्यापुढे. गेटवेने कॉलेजच्या सर्व्हरला कळवायचं असतं की अमक्या अर्जाचे पैसे आले. तो निरोप पोचला, सर्व्हरने नोंदवून घेतला, तरच अर्ज 'प्राप्त' होतो. निरोप घेऊन गेलेल्याला समोर बंद दार दिसलं तर तुमचे पैसे मधेच लटकतात. काही साइट्स नंतर स्वतःहून गेटवेकडे चौकशी करून हिशोब जुळवतात, काही करत नाहीत. तुमची कुठल्या जातीची, ते आधी कळायला मार्ग नाही.

पुन्हा सांगते, कारण मी स्वतः हे तीनदा ऐकूनही डोक्यात शिरू दिलं नव्हतं: बँकेचा मेसेज ही अर्जाची पोच नाही. अर्ज क्रमांक आणि 'अर्ज प्राप्त झाला' असं लिहिलेली पीडीएफ हातात आली, तरच अर्ज गेला.

साइट अडली की दिसणारे ५०४ सारखे आकडेही वाचायला शिका, अवघड नाही. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे साइटच्या मते गडबड तुमच्या बाजूची: ४०१ म्हणजे तुमची ओळख पटलेली नाही, बहुतेक वेळा सेशन, म्हणजे तुमच्या लॉगिनची मुदत, संपलेलं असतं, ४२९ म्हणजे तुम्ही फार वेळा बटण दाबलंय, जरा थांबा. ५ ने सुरू होणारा त्यांच्या बाजूचा. ५०३ आलं तर बहुधा तुमचं काम आत घेतलंच गेलेलं नाही, त्यात निदान गोंधळ नाही. सगळ्यात फसवा ५०४. त्याचा अर्थ एवढाच, की मधला सर्व्हर आतल्या सर्व्हरच्या उत्तराची वाट बघून कंटाळला. आत काम झालं असेल किंवा नसेल. ५०४ ला नकार समजून पुन्हा पैसे भरणारेही फसतात आणि होकार समजून झोपणारेही. मी दुसऱ्या गटातली.

साइट का पडते? शेवटच्या रात्री सगळे एकदम येतात म्हणून, हे खरंच, पण अर्धंच. पान अडकलं की प्रत्येक जण रिफ्रेश मारतो आणि आधीची विनंती आत रांगेत असतानाच नवी जाऊन उभी राहते. त्यात डेटाबेसशी, म्हणजे साइटची सगळी माहिती साठते तिथे, एका वेळी किती जोडण्या असाव्यात याला मर्यादा असते. पोस्टग्रेस नावाच्या फार वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसमध्ये कुणी बदलली नाही तर ती १०० असते. वाढवता येते, पण ते काम कुणीतरी आधी करायला हवं ना! म्हणजे गर्दी आपण करतो आणि घाबरून ती आपणच वाढवतो.

हे फक्त आपल्याच नशिबी आहे असंही नाही. ब्रिटनमध्ये १८ ऑगस्ट २०११ ला, ए-लेव्हलच्या, म्हणजे तिथल्या बारावीसारख्या परीक्षेच्या, निकालाच्या सकाळीच, विद्यापीठप्रवेश सांभाळणाऱ्या यूकॅस या संस्थेची प्रवेश पाहण्याची साइट गर्दीमुळे काही काळ बंद ठेवावी लागली. पुढच्या वर्षी फी वाढणार होती, त्यामुळे त्या साली जो तो जागेसाठी धडपडत होता. अमेरिकेत २०१३ साली शेकडो कॉलेजांचा सामाईक अर्ज असलेल्या कॉमन ॲपची नवी आवृत्ती इतकी अडखळली, की बऱ्याच कॉलेजांना लवकरच्या अर्जांची मुदत वाढवावी लागली. त्यातलं लक्षात ठेवण्यासारखं हे, की मुदत ज्या त्या कॉलेजने आपापली वाढवली. एकाने वाढवली म्हणून दुसऱ्याची वाढली असं धरून चालू नका. प्रत्येकाची सूचना वेगळी वाचा.

आता सल्लागारांविषयी. माझ्या आत्तेभावाने, दादाने, मला छातीठोकपणे सांगितलं होतं, 'सुरुवातीला भरू नकोस, साइटमध्ये चुका असतात, शेवटच्या दिवसापर्यंत त्या दुरुस्त होतात.' पहिल्या दिवशी चुका असतात हे बरोबर आहे, मीही पहिल्या दिवशी भरा म्हणत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी भरा. पण दादाने स्वतः शेवटच्या दिवशी भरला आणि तो भरला गेला, एवढ्या एका अनुभवावर त्याने नियम बनवला होता. नशीब चांगलं निघालेल्या माणसाइतका वाईट मार्गदर्शक दुसरा नाही. (दादा हे वाचणार आहे. वाचू दे.)

तसंच ते आपोआप रिफ्रेश करणारं एक्स्टेन्शन, दहा टॅब, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात लॅपटॉप. अनेक साइट्स एका खात्याला एकच सेशन देतात, त्यामुळे फोनवरून आत शिरलात की लॅपटॉपवरचा अर्धा भरलेला फॉर्म गेलाच म्हणून समजा. पैसे घेऊन फॉर्म भरून देणाऱ्यांबद्दल माझं मत याहून वाईट आहे. पासवर्ड त्यांच्याकडे, ओटीपीचा नंबर त्यांचा, आणि अडचण आली की तुम्ही त्यांच्या दारात.

आणि तरीही शेवटच्या रात्रीच अडकलात, तर घाबरू नका, बऱ्याच गोष्टी अजून हातात असतात. फॉर्म पुन्हा पाठवायचा का असं ब्राउझरने विचारलं तर नाही म्हणा. त्याच टॅबशी झटापट न करता नव्या खिडकीत लॉगिन करून अर्जाची स्थिती बघा. पुन्हा पैसे भरण्याआधी निदान पंधरा-वीस मिनिटं थांबा. मुदत दारात उभी असेल तर मात्र मी दुसऱ्यांदा भरेन, कारण दोनदा गेलेली फी बहुधा परत मिळते, हुकलेली मुदत नाही. पडद्याचा फोटो घेताना कोपऱ्यातली तारीख-वेळ आणि वरचा पत्ता त्यात येऊ द्या. नुसत्या पांढऱ्या पानाचा फोटो कुणी पुरावा मानत नाही. दोन नंबर लिहून ठेवा: बँकेचा व्यवहार क्रमांक आणि साइटने दिलेला ऑर्डर क्रमांक. माझ्याकडे पहिला होता. मदतकक्षाने दुसरा मागितला, तो त्या फिरत्या गोलाच्या पानावर होता आणि पान केव्हाच गेलं होतं.

ईमेल त्याच रात्री पाठवा, मुदत उलटायच्या आत पाठवता आला तर उत्तम. त्यात कैफियत नको. अर्ज क्रमांक, दोन्ही नंबर, वेळ, दिसलेला आकडा, फोटो, बस. मी तिसऱ्या दिवशी दीड पानाचं पत्र लिहिलं, त्यात ५०४ चा उल्लेखसुद्धा नव्हता. रडगाणं मात्र होतं.

दुसऱ्या फेरीसाठी मी नव्याने अर्ज भरला, सकाळी सहा वाजता, सहा मिनिटांत. प्रवेश मिळाला, हवा होता तो विषय नाही मिळाला. पहिल्या अर्जाची फी नवव्या दिवशी परत आली. पूर्ण रक्कम. त्यांच्या लेखी मी ती कधी भरलीच नव्हती.