'बेओवुल्फ' कसे वाचावे: रचनेतून मूल्यांकडे

अँग्लो-सॅक्सन वीरकाव्याचा अभ्यास करताना विद्यार्थी बहुधा दोन याद्या करतात: एक अलंकारांची, दुसरी मूल्यांची. परीक्षेपुरत्या त्या उपयोगी पडतात, पण काव्य मात्र हातातून निसटते, कारण या कवितेत मूल्ये बहुतेक वेळा रचनेतूनच व्यक्त झालेली असतात. म्हणून एखादी ओळ घ्यावी, तिची बांधणी पाहावी आणि त्या बांधणीने कोणत्या गोष्टीवर भर दिला आहे, हे तपासावे. त्यासाठी 3182 ओळींचे 'बेओवुल्फ' सर्वांत सोयीचे आहे. त्याचे एकमेव हस्तलिखित इसवी सन 1000 च्या सुमाराचे असून 1731 च्या आगीत होरपळूनही ते वाचले. काव्य जुन्या इंग्रजीत असले, तरी कथा डेन्मार्क आणि दक्षिण स्वीडनमध्ये घडते, हे आरंभीच लक्षात ठेवावे. नायक बेओवुल्फ तरुणपणी ग्रेंडेल या राक्षसाला मारतो आणि म्हातारपणी, राजा असताना, ड्रॅगनशी लढताना मरतो.

अर्थाकडे वळण्यापूर्वी ओळ मोठ्याने वाचावी. यमकाला सरावलेला आपला कान ओळीच्या शेवटाकडे जातो, पण येथे ओळ मध्ये विरामाने दुभंगते आणि दोन्ही अर्धे अनुप्रासाने सांधले जातात. चौथी ओळ पाहा: 'ओफ्ट शील्ड शेफिंग, शेअथेना थ्रेआटुम'. चार आघातांपैकी पहिल्या तिघांवर 'श' येतो, चौथ्यावर येत नाही. हाच सर्वसाधारण नियम आहे. पुढच्या ओळीत 'म' चा अनुप्रास आहे आणि त्यातला तिसरा 'म' ज्या शब्दावर पडतो, त्याचा अर्थ 'मधुमद्य पिण्याची बाके' असा होतो. डेन लोकांच्या शील्ड राजाने शत्रूंच्या टोळ्यांकडून, अनेक जमातींकडून ही बाके हिरावून घेतली, असे कवी सांगतो. गावे जाळली किंवा माणसे मारली, असे तो येथे म्हणत नाही. राजाचे सभागृह आणि तेथे एकत्र बसण्याचा हक्क गेला की जमात संपलीच, ही त्या समाजाची धारणा पाचव्या ओळीतच कळते. ग्रेंडेल हा डेन राजा ह्रोथगारच्या हेओरोट या सभागृहावरच का चालून येतो, हेही मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर केनिंगकडे, म्हणजे वस्तूचे थेट नाव न घेता केलेल्या सामासिक वर्णनाकडे वळावे. समुद्राला 'देवमाशाची वाट' आणि शरीराला 'हाडांचे घर' म्हटलेले सर्वांच्या लक्षात राहते, परंतु राजाला 'कडी वाटणारा' का म्हणतात, हा प्रश्न अधिक फलदायी आहे. सोन्याची कडी, शस्त्रे आणि घोडे राजाने द्यायचे व योद्ध्याने त्यांची परतफेड रणांगणावर करायची, असा हा करार होता. बेओवुल्फच्या शेवटच्या युद्धात ड्रॅगनला पाहून त्याचे साथीदार रानात पळतात, तेव्हा त्याचा तरुण नातेवाईक विगलाफ त्यांना सभागृहातील मद्यपानाची आणि तेथे घेतलेल्या शपथांची आठवण करून देतो. त्याचा संताप समजण्यासाठी ते विशेषण आधी समजलेले असले पाहिजे.

न्यूनोक्तीवर, म्हणजे मुद्दाम कमी करून सांगण्याच्या रीतीवर, थोडक्यात सांगायचे तर, नकारार्थी वाक्य दिसले की थांबावे. ग्रेंडेलच्या मरणाचे, त्याच्या पावलांचे ठसे पाहणाऱ्या कोणालाही दुःख वाटले नाही, असे कवी म्हणतो. आनंद झाला, असे म्हणत नाही.

सर्वाधिक वेळ उपकथांना द्यावा. घाईचा वाचक त्या गाळतो, आणि माझ्या मते तिथेच काव्याचा गाभा गमावतो. ग्रेंडेलच्या वधानंतरच्या मेजवानीत गवई फिन्सबुर्गची कथा गातो. त्यात हिल्डेबुर्ह राणीचा भाऊ आणि मुलगा परस्परविरोधी पक्षांकडून लढताना मरतात आणि एकाच चितेवर जातात. गाणे संपताच ह्रोथगारची राणी वेअल्हथेओव पुढे येते आणि आपल्या मुलांच्या भवितव्याची तरतूद बोलून दाखवते. दोन्ही प्रसंग शेजारी ठेवण्यापलीकडे कवी काहीही करत नाही, पण सुडाची रीत घरातल्या स्त्रियांना काय भोगायला लावते, हे दिसल्यावाचून राहत नाही. रक्तभरपाई देऊन वैर मिटवण्याचा मार्गही होता. बेओवुल्फच्या वडिलांचे असे एक वैर ह्रोथगारनेच धन देऊन मिटवले होते. मात्र बेओवुल्फच्या आजोबांच्या, म्हणजे ह्रेथेल राजाच्या, एका मुलाच्या बाणाने चुकून दुसरा मुलगा मरतो, तेव्हा भरपाई कोणी कोणाला द्यायची? राजा त्याच दुःखात मरतो. एखादे मूल्य सांगताना त्याची मर्यादा दाखवणारा असा प्रसंगही सोबत नोंदवावा.

शेवटच्या ओळीपर्यंत हाच क्रम ठेवावा. मृत बेओवुल्फला त्याची प्रजा सौम्य आणि दयाळू म्हणते, आणि काव्याचा अगदी शेवटचा शब्द त्याला 'कीर्तीसाठी सर्वाधिक आतुर' ठरवतो. ही स्तुती की दोष, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आपले मत बनवण्याआधी ह्रोथगारने तरुण बेओवुल्फला अहंकाराविषयी केलेला उपदेश पुन्हा वाचावा, आणि म्हातारपणी ड्रॅगनशी एकट्याने लढण्याचा त्याचा हट्ट त्या उपदेशाशेजारी ठेवून पाहावा.