गिटारचा वेगवान सोलो कानाने कसा काढायचा

मे महिन्यात धुळ्यात भरदुपारी सोलो, म्हणजे गाण्यातला एकट्या गिटारचा तुकडा, ऐकून काढायला बसू नका. कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलरच्या मोटरची गुणगुण 100 हर्ट्झच्या जवळपास असते. गिटारच्या सहाव्या, सगळ्यात जाड तारेवरचा तिसऱ्या फ्रेटचा (फ्रेट म्हणजे दांडीवरचा धातूचा आडवा पडदा) जी हा सूर आहे 98 हर्ट्झचा. खालच्या पट्टीतली ओळ ऐकताना हे दोन्ही एकमेकांत इतके मिसळतात की नसलेला जी ऐकू यायला लागतो. मी एकदा पूर्ण दोन ओळी तशा लिहून ठेवल्या होत्या. तेव्हापासून माझं हे काम पहाटे पाच ते सात. गल्ली शांत असते, तारा तापून उतरलेल्या नसतात आणि कानही ताजा असतो.

सगळा सोलो एकदम हातात घेऊ नका. दोन सेकंदांचा तुकडा घ्या. 132 च्या लयीत, म्हणजे मिनिटाला 132 ठोके असताना, एका ठोक्याला सहा सूर असतील तर सेकंदाला तेरा सूर होतात, म्हणजे दोन सेकंदांत सव्वीस. एका सकाळीसाठी एवढं पुष्कळ आहे.

ऑडॅसिटी हे आवाजावर काम करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात ‘टेम्पो’ बदलायचा, ‘स्पीड’ नाही. स्पीड बदलला की सूरही उतरतो, निम्मा केला तर बरोबर एक सप्तक खाली. टेम्पो निम्म्यावर आणला की सेकंदाला साडेसहा सूर राहतात आणि ते वेगळे ऐकू येतात. पाव वेगावर मात्र आवाज चिघळतो, सुराची सुरुवातच पुसली जाते. तिथे एखाददुसरा सूर तपासायला जा, मुक्काम करू नका. दोन गिटारी असतील तर हेडफोनची एक बाजू काढून बघा. पुष्कळ ध्वनिमुद्रणांत एक गिटार डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवलेली असते.

सुरुवातीलाच पट्टी जुळवून घ्या. जिमी हेंड्रिक्स, एडी व्हॅन हेलन या रॉक गिटारवादकांच्या गिटारी अनेकदा अर्धा सूर उतरवलेल्या असत. तुमची गिटार तशी उतरवली नाही तर सूर सापडतील, पण मोकळ्या तारा कुठेच बसणार नाहीत आणि बोटं भलत्या जागी जातील. ट्यूनर नेहमीच्या 440 हर्ट्झवर ठेवून चालतंच असं नाही. जुन्या टेपची पट्टी थोडी इकडेतिकडे असते, तेव्हा रेकॉर्डिंगला धरूनच जुळवा.

आता गिटार खाली ठेवा. माझ्याकडे साक्रीहून एसटीने शिकायला येणारा एक मुलगा आहे, बोटं फार तयार. त्याला हे पटवायला मला दोन महिने लागले. तो एक सूर ऐकायचा, फ्रेटवर शोधायचा, पुढचा ऐकायचा, पुन्हा शोधायचा. तसं केलं की कान काम करत नाही, बोटं अंदाज करतात. तुकडा आधी गळ्यातून आला पाहिजे, संथ, सरगम लावून. आवाज गोड असण्याची गरज नाही.

याची किंमत मी स्वतः मोजली आहे. ई मायनर या पाश्चात्य स्वरसप्तकातला एक उतरता तुकडा मी सहा महिने चुकीचा वाजवत होते: जी, एफ शार्प, ई, डी, सी, बी. मायनर म्हटल्यावर सी असणारच, हे डोक्यात पक्कं होतं. एका सकाळी सरगम म्हणत होते. ई ला सा धरला तर ग रे सा नि ध प, त्यात ग आणि नि कोमल. वडील आतून म्हणाले, “हा काफी चाललाय ना?” ते भजनी मंडळात पेटी वाजवायचे, गिटारचं त्यांना काही माहीत नाही. कोमल धैवत असता तर थाट काफी नाही, आसावरी झाला असता. माझ्या गळ्यातून रेकॉर्डसारखा शुद्ध धैवत येत होता आणि हात कोमल वाजवत होता. सूर सी नव्हताच, सी शार्प होता.

तो सापडल्यावर बोटांचाही उलगडा झाला. पहिल्या तारेवर 15, 14, 12 आणि दुसऱ्या तारेवरही 15, 14, 12. हाताचा तोच साचा एक तार खाली. मी ज्या 13 व्या फ्रेटसाठी बोटं वाकडी करत होते, ते वाजवणाऱ्याने कधी केलंच नव्हतं.

बोटं कुठे होती हे ठरवणं, मला विचाराल तर, सूर ओळखण्यापेक्षा अवघड आहे. पहिल्या तारेचा मोकळा ई घ्या. तोच सूर दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला मिळतो, तिसरीवर नवव्या, चौथीवर चौदाव्या, पाचवीवर एकोणिसाव्या. कान सांगेल ‘ई’, पण कुठला? जाड तारेवरचा भरीव आणि थोडा बोथट लागतो, मोकळ्या तारेचा पुढच्या सुरावरही घुमत राहतो. त्याहून भरवशाची खूण म्हणजे पिकचा, तार छेडायच्या चकतीचा, टणका. माझ्या त्या तुकड्यात जी वर टणका होता, पुढचे दोन सूर मऊ, म्हणजे पुल-ऑफ (पिक न मारता, दाबलेलं बोट ओढून काढलेले सूर), म्हणजे तिन्ही एकाच तारेवर. डी वर पुन्हा टणका, म्हणजे तार बदलली. प्रत्येक सुरावर सारखाच टणका असेल तर हे गणित चालत नाही. मग हाताला काय शक्य आहे ते बघायचं. त्या वेगात पाच फ्रेटची उडी मारावी लागत असेल तर जागा चुकली आहे.

लिहायला शाळेची गणिताची चौकटीची वही घ्या. एका चौकटीत एक सूर, टणका असेल तिथे वर टिंब. सहा सुरांचे गट ‘तकिट तकिट’ म्हणून टाळीवर बसवा, पाचाचे ‘तक तकिट’. बोल तोंडात बसला नसेल तर हातात बसायची घाई नको. न ऐकू आलेला सूर अंदाजाने भरू नका, चौकट कोरी सोडा. गिटारवादक स्टीव्ह वाय 1980 मध्ये अमेरिकन संगीतकार फ्रँक झप्पाच्या बॅण्डमध्ये आला, पण त्याआधी झप्पाचं संगीत असंच ऐकून कागदावर उतरवत होता. ते अवघड ताल आठवले की मला माझ्या कोऱ्या चौकटींचा धीर येतो.

वाजवायला 60 च्या लयीवर सुरू करा, चार-चारने वाढवा. खांदा आवळला की आठने मागे या. माझी आई अहिराणीत विचारते, “तेच तेच काय वाजाडी ऱ्हायनी?” तेच तेच वाजवायचं असतं, पण सलग तीस वेळा नाही. दहादा वाजवा, रेकॉर्डिंग ऐका, पुन्हा दहादा.

आठवड्याने स्वतःचं वाजवणं मोबाइलवर टेप करा, मूळ तुकड्यासारखंच निम्म्या वेगावर आणा आणि दोन्ही लागोपाठ ऐका. पूर्ण वेगात जे झाकलं जातं ते इथे उघडं पडतं. माझा दुसऱ्या तारेवरचा पहिला सूर अजून केसभर लवकर पडतो. उद्या पहाटे तेवढाच घेऊन बसणार आहे.