जनगणनेच्या आकड्यांवरून वॉर्ड समजून घेताय? या चुका टाळा

आपला एरिया नक्की कसाय हे बघायला लोक जनगणनेची एक्सेल फाईल उतरवतात आणि अर्ध्या तासात गोंधळून बसतात. काहीजण तर गोंधळतही नाहीत, चुकीचा आकडा बिनधास्त सगळीकडे फिरवतात, ते जास्त डेंजर. वॉर्डवार हाताशी असलेला डेटा २०११ चाच, २०२१ ची जनगणना झालीच नाही आणि पुढची थेट २०२७ ची, त्यामुळे जे आहे ते तरी नीट वाचू.

शहराची लोकसंख्या भलतीच जास्त येतेय? लोकसंख्या, मुलं, साक्षर असे मूळ आकडे देणाऱ्या प्रायमरी सेन्सस अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या फाईलमध्ये जिल्हा, तालुका, शहर, वॉर्ड सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक असतात, सरसकट बेरीज मारली की तीच माणसं दोनदा-तीनदा मोजली जातात. लेव्हलच्या कॉलमला फिल्टर लावून फक्त वॉर्ड ठेवा आणि बेरीज शहराच्या ओळीशी जुळतेय का बघा. नकाशाला डेटा जोडताना काहीच जुळत नसेल तर वॉर्ड कोड तपासा, ०००१ चं एक्सेलने गपचूप १ केलेलं असतं. तो कॉलम टेक्स्ट म्हणून इम्पोर्ट करायचा, बस.

साक्षरतेत तर भलेभले फसतात. दर काढताना ७ वर्षं आणि त्यावरचेच लोक धरतात, पण फाईलमध्ये एकूण लोकसंख्या समोरच दिसते म्हणून तिनेच भागलं जातं. समजा वॉर्डात ४०,००० लोक, ०-६ वयाची ४,००० मुलं आणि ३१,५०० साक्षर. एकूण लोकसंख्येने भागलं तर ७८.७५ टक्के, मुलं वजा करून भागलं तर ८७.५. मुलं जास्त असलेली वस्ती पहिल्या हिशोबात उगाचच अडाणी ठरते.

पण खरी डोकेदुखी हद्दीची. 'मुंबईची लोकसंख्या' म्हणून कोणी १.२४ कोटी लिहितं तर कोणी १.८४ कोटी, आणि दोन्ही बरोबर आहेत, कारण पहिला आकडा महापालिकेचा आणि दुसरा ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली वगैरे धरून केलेल्या नागरी समूहाचा. पुण्याचंही तसंच, पालिका ३१ लाख आणि समूह ५० लाख, त्यात पिंपरी-चिंचवड आलं आणि कॅन्टोन्मेंटही. शिवाय २०११ साठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २००९ ला गोठवल्या होत्या. त्यानंतर पुण्यात २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं आली, पनवेल महापालिकाच २०१६ ची, खारघर तर २०११ च्या यादीत वेगळं सेन्सस टाऊन (पालिका नसलेलं, पण जनगणनेने शहर धरलेलं गाव) म्हणून सापडेल. म्हणून आजचा प्रभाग नंबर घेऊन जुन्या फाईलमध्ये शोधू नका, आणि २००१ चा वॉर्ड १२ म्हणजेच २०११ चा वॉर्ड १२ असंही धरू नका. त्या वेळचा नकाशा मिळवा. नाहीच मिळाला तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात जुन्या वॉर्डातली माणसं नव्या प्रभागांत वाटण्यापेक्षा वरच्या, म्हणजे शहराच्या पातळीवर थांबलेलं बरं, टेकडीवर नाहीतर तळ्यात कोणी राहत नसतं!

एखाद्या वॉर्डात हजार पुरुषांमागे बायका फारच कमी दिसल्या तर लगेच लेख लिहायला बसू नका, आधी तिथे होस्टेल, जेल, बराकी आहेत का बघा, तीही माणसं मोजलेली असतात. आणि ही मोजणी लोक राहतात कुठे त्याची, म्हणजे मुंबईतल्या फोर्टसारख्या ऑफिसांच्या भागात दिवसा होणारी गर्दी यात दिसणारच नाही. दुकान टाकायचंय म्हणून आकडे बघणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा.

घरांच्या तक्त्यात कॉलमचा अर्थ न वाचता पुढे जायचं नाही. पाणी 'जवळ' म्हणजे शहरात १०० मीटरच्या आत. नळ आहे एवढंच कळतं, पाणी दिवसातून किती तास येतं ते नाही. 'आवारात शौचालय नाही' म्हणजे सगळे उघड्यावर जातात असं नाही, सार्वजनिक शौचालय वापरणाऱ्यांचा कॉलम वेगळा असतो. झोपडपट्टीचा आकडा शून्य असला तरी वस्ती नाहीच असं समजू नका, सरकारने झोपडपट्टी म्हणून अधिसूचित किंवा मान्य न केलेली वस्ती मोजायला किमान ३०० लोक किंवा साधारण ६०-७० घरं एकत्र लागायची, त्याहून छोट्या वस्त्या सुटल्या. आणि घरांचे हे वॉर्डवार तक्ते टक्क्यांत असतात, दोन वॉर्डांच्या टक्क्यांची नुसती सरासरी काढू नका, आधी कुटुंबांच्या संख्येने गुणून घ्या.

टॉवर आणि चाळ एकाच वॉर्डात असली की सरासरी दोघांनाही लागू पडत नाही. त्याहून बारीक पाहायचं तर अडचणच, कारण प्रगणक, म्हणजे घरोघरी मोजणी करणारा कर्मचारी, ज्या छोट्या गटात फिरतो त्या गटाचे आकडे बाहेर देत नाहीत.

२०२७ साठीही ३१ डिसेंबर २०२५ नंतर हद्दी बदलायच्या नाहीत असं राज्यांना कळवलं होतं. तेव्हा पालिकेच्या साईटवर त्या तारखेचा वॉर्डांचा नकाशा असेल तर आत्ताच सेव्ह करून ठेवा, फाईलच्या नावात तारीख टाकून.