गोपनीयतेची तक्रार आणि नर्सिंग लायसन्स: या चुका टाळा

‘हिपाचा भंग झाला तर दंड हॉस्पिटलला, माझ्या लायसन्सला काय होणार?’ अमेरिकेत नव्याने ड्युटीला लागलेल्या नर्सच्या तोंडी हे हमखास असतं. हिशेब इथेच चुकतो. हिपा म्हणजे पेशंटची माहिती गोपनीय ठेवण्याचा १९९६ चा कायदा. त्याखालच्या तक्रारी केंद्राचं नागरी हक्क कार्यालय बघतं आणि त्यांचा रोख मुख्यतः हॉस्पिटलवर असतो. लायसन्स मात्र राज्याच्या बोर्ड ऑफ नर्सिंगच्या हातात. केंद्राकडे तक्रार करायला १८० दिवसांची मुदत आहे, पण ती उलटली म्हणून बोर्ड हात बांधून बसत नाही. हॉस्पिटलने समज देऊन विषय मिटवला, तरी बोर्डाकडची फाइल उघडी राहू शकते.

सगळ्यात जास्त जणी अडकतात त्या ‘नुसतं बघितलं’ मध्ये. रात्रीचे दोन, वॉर्ड शांत. आपली मैत्रीण शेजारच्या युनिटमध्ये ॲडमिट झाल्याचं कळतं. काळजीपोटी चार्ट उघडला, पोटॅशियम किती आलंय ते पाहिलं, बंद केला. तीस सेकंद. पण कोणाच्या लॉगिनवरून, किती वाजता, कुठलं पान उघडलं हे सिस्टिमने टिपून ठेवलेलं असतं. ‘मी कोणाला सांगितलं नाही’ हा बचाव लंगडा पडतो, कारण त्या पेशंटच्या उपचाराशी संबंध नसताना चार्ट उघडणं हीच चूक. नवऱ्याचा, आईचा चार्टसुद्धा याला अपवाद नाही.

दुसरा गैरसमज, नाव गाळलं की झालं. ओळख पुसण्यासाठी हिपाच्या नियमांत १८ बाबींची यादी आहे आणि नाव त्यातली एकच. ॲडमिशनची तारीख, रेकॉर्ड नंबर, पूर्ण चेहऱ्याचा फोटो हेही त्यात येतं. वॉर्डातल्या वाढदिवसाच्या फोटोत केकमागे पेशंटची नावं लिहिलेला फळा दिसतोय, हे फोटो टाकणारीच्या सोडून सगळ्यांच्या लक्षात येतं!

उलट, पडदा ओढून, आवाज खाली ठेवून बोलताना शेजारच्या खाटेवर एखादा शब्द गेला, तर तो सहसा भंग धरत नाहीत. त्या भीतीने हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला द्यायची पेशंटची माहिती, अर्धवट देऊ नका.

माझ्या मते मूळ चुकीपेक्षा जास्त नुकसान बोर्डाचं पत्र आल्यानंतर होतं. मुळात ते मिळायला हवं. घर बदललं आणि बोर्डाला कळवलं नाही, तर उत्तराची मुदत जुन्या पत्त्यावरच संपते. पत्र मिळालं की त्याच रात्री तीन पानी खुलासा पाठवू नका. पेशंटला माफीचा फोन नको, चार्टमध्ये मागाहून दुरुस्ती नको, पोस्ट किंवा मेसेज पुसणं तर नकोच. हॉस्पिटलचा वकील हॉस्पिटलचा असतो. स्वतःची मालप्रॅक्टिस पॉलिसी (कामातल्या चुकांसाठीचा विमा) काढून बघा. बऱ्याच पॉलिसींमध्ये लायसन्सच्या बचावाचा खर्च धरलेला असतो.

आणि वैतागून लायसन्स परत देऊन टाकू नका. चौकशी चालू असताना केलेलं सरेंडर आरोग्य व्यावसायिकांवरच्या कारवाईची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय डेटा बँकेत कळवलं जातं. बोर्डाची कारवाई नर्सिस या लायसन्स तपासायच्या साइटवर कोणालाही दिसते, आणि काँपॅक्टचं (राज्याराज्यांतल्या कराराचं) बहुराज्यीय लायसन्स असेल तर इतर राज्यांतलं कामही अडू शकतं. पुढच्या रिन्यूअलच्या अर्जात ‘कारवाई झाली आहे का?’ असं विचारलं, तर खरं तेच लिहा. तिथे ‘नाही’वर केलेली टिक हा नवा, वेगळा आरोप होतो.