एक खोका, दोन विद्यार्थी: जुन्या छायाचित्रांच्या जतनासाठी भागीदारी कशी करावी

पहिल्या दिवशी मी विद्यार्थ्यांच्या हातात ब्रश देत नाही. टेबलावर एक जुना फोटो ठेवते, खोलीतले दिवे मंद करते आणि एक छोटी टॉर्च देते. टॉर्च फोटोच्या कडेला, जवळजवळ टेबलाला टेकवून आडवी धरायची आणि पंधरा मिनिटं फक्त बघायचं. पाच मिनिटांत "झालं बघून" असं कुणीतरी म्हणतंच. मी म्हणते, अजून बघा. सातव्या-आठव्या मिनिटाला कोपऱ्यातली चंदेरी झाक दिसते, कागदावर उमटलेला बोटाचा ठसा दिसतो, मागच्या बाजूला कुणीतरी दाबून लिहिल्यामुळे पुढे उठलेली अक्षरं दिसतात. वर्गात कितीही स्लाइड दाखवल्या तरी हे घडत नाही. त्यासाठी खरा फोटोच लागतो, आणि तो असतो संग्रहालयाच्या, ग्रंथालयाच्या किंवा अभिलेखागाराच्या कपाटात.

त्या कपाटाच्या मालकांची अडचण नेमकी उलटी असते. हजारो फोटो पडून असतात आणि एकेका फोटोकडे बघायला माणूस नसतो. म्हणून ही भागीदारी दोघांच्या गरजेची आहे. अमेरिकेत विंटरथर संग्रहालय आणि डेलावेअर विद्यापीठ १९७४ पासून जतनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम मिळून चालवतात. एवढा मोठा पसारा प्रत्येकाला जमणार नाही, जमायची गरजही नाही. एक संग्रह, एक शिक्षणसंस्था, एक जाणकार आणि चार विद्यार्थी एवढ्यावर सुरुवात होते. एका जाणकारामागे चारपेक्षा जास्त विद्यार्थी मी घेत नाही. पाचव्याच्या हाताकडे माझं लक्ष राहत नाही.

करार करताना बहुतेक जण विद्यार्थी काय करतील याची लांबलचक यादी लिहितात. माझ्या मते ते काय करणार नाहीत याची यादी आधी लिहावी. पाणी किंवा कोणतंही रसायन वापरणार नाहीत. काचेखाली बंद केलेली चौकट उघडणार नाहीत. चिकटलेले फोटो सोडवणार नाहीत. फाटलेलं जोडणार नाहीत. ही कामं शिकायची असतील तर ती सरावाच्या, बेवारस फोटोंवर, वेगळ्या दिवशी. दुसरं कलम असं हवं की काम थांबवायचा अधिकार टेबलावरच्या प्रत्येकाला आहे, अगदी कालच आलेल्या विद्यार्थ्यालासुद्धा. तिसरं, नोंदी आणि स्कॅन कुणाच्या मालकीचे आणि विद्यार्थ्याचं नाव कुठे येणार. त्याने केलेल्या प्रत्येक नोंदीवर त्याचं नाव असावं, असा माझा आग्रह असतो. नाव लागणार हे माहीत असलं की अक्षरसुद्धा सुधारतं. फोटोतली माणसं किंवा त्यांची मुलंबाळं हयात असू शकतात, तेव्हा मोबाइलवर फोटो काढून बाहेर पाठवायचे नाहीत, हेही लिहूनच घ्यावं. परीक्षांच्या तारखा आधी विचारून ठेवा. अर्धवट उघडा राहिलेला खोका कपाटातल्या बंद खोक्यापेक्षा जास्त धोक्यात असतो.

खोका कोणता द्यायचा? संग्रहातला सगळ्यात मौल्यवान नको आणि कुणालाच नको असलेलाही नको. शंभर-सव्वाशे नग असलेला, तीन-चार प्रकार मिसळलेला, मधल्या किमतीचा खोका घ्या. तो दोन विद्यार्थ्यांना पूर्ण द्या. मोजणी, ओळख, अवस्थेची नोंद, धूळ काढणं, पाकिटं, क्रमांक, परत फळीवर ठेवणं, सगळं त्या दोघांनीच करायचं. एकाने मोजायचं, दुसऱ्याने पुसायचं, तिसऱ्याने पाकिटात घालायचं, अशी वाटणी केली तर काम भराभर होतं, हे मला माहीत आहे. संस्थेला तो मोह होतोच. पण महिनाभर फक्त पाकिटात घालणारी मुलगी पाकिटात घालायलाच शिकते. मला फोटोसमोर बसून निर्णय घेणारी माणसं तयार करायची आहेत. सुरुवातीला दोघांचे तीन तासांत जेमतेम दहा नग होतात. होऊ द्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तेच हात वीस-पंचवीस करतात.

ओळख शिकवायला सर्वांत जास्त वेळ द्या. फोटो कशाचा बनला आहे हे कळल्याशिवाय त्याला काय मानवतं हे कळत नाही. मी थरांपासून सुरुवात करते. दहापट भिंगातून बघा, कागदाचे तंतू स्वच्छ दिसतात का? दिसत असतील आणि वर काहीच चकाकत नसेल तर प्रतिमा कागदातच आहे, जसं मिठाच्या कागदावरच्या सुरुवातीच्या प्रिंटमध्ये किंवा सायनोटाइपमध्ये, म्हणजे निळ्या रंगाच्या प्रिंटमध्ये. तंतू दिसतात पण वर पातळ चकाकी आहे, बारीक भेगा आहेत, उजळ भाग पिवळसर पडले आहेत, कागद पातळ असून जाड पुठ्ठ्यावर डकवला आहे, तर बहुतेक अल्ब्युमेन, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर. ही रीत १८५० मध्ये आली आणि त्या शतकाच्या शेवटापर्यंत तिचंच राज्य होतं. तंतू अजिबात दिसत नाहीत, प्रतिमा आणि कागदाच्या मध्ये गुळगुळीत पांढरा थर आहे, तर बहुतेक जिलेटिनचा प्रिंट. त्याच्या गडद भागांत, विशेषतः कडांना, आरशासारखी निळसर-चंदेरी झाक असेल तर चांदी पृष्ठभागावर येऊन बसली आहे. ती पुसायची नाही, नोंदवायची.

काचेच्या आणि धातूच्या वस्तूंचं वेगळं. हातात धरून हलवली की कधी प्रतिमा तर कधी आरसा दिसतो, ती १८३९ मध्ये जाहीर झालेली डॅगेरोटाइप. त्यातली प्रतिमा चांदीच्या मुलाम्यावर इतकी नाजूक बसलेली असते की बोट फिरवलं तर पुसून जाते. टिनटाइप म्हणजे पत्र्यावरचा फोटो; नावात टिन असलं तरी पत्रा लोखंडाचा असतो. पाकिटाच्या बाहेरून छोटं चुंबक नेलं की ओढ जाणवते. मुलांना हे फार आवडतं आणि प्रकारही कायमचा लक्षात राहतो. काचेच्या निगेटिव्हमध्ये प्रतिमा धरणारा थर दोन प्रकारचा: १८५१ नंतरचं कोलोडियन, म्हणजे काचेवर ओतून पसरवलेला चिकट द्रव, आणि १८७० च्या दशकापासून पुढचं जिलेटिन, एवढा फरक आधी पुरे. कोलोडियन स्पिरिटमध्ये विरघळतं आणि जिलेटिन पाण्यात फुगतं. हे एक वाक्य कळलं की "ओल्या कापसाने हळूच पुसू का?" हा प्रश्न मुलं पुन्हा विचारत नाहीत.

लवचीक फिल्म निघाली तर आधी थांबा. १८८९ पासून विकली गेलेली नायट्रेट फिल्म कोडॅकने १९५१ पर्यंत बनवली. ती खराब होऊ लागली की चिकट होते, तपकिरी पडते आणि पेट घेऊ शकते. जळताना लागणारा प्राणवायू तिच्यातच असल्याने पाणी मारूनही ती विझत नाही. काठावर 'सेफ्टी' छापलेलं नाही आणि फिल्म जुनी आहे, तर ती नायट्रेट समजूनच बाजूला काढायची आणि जाणकाराला बोलवायचं. विद्यार्थ्याने तिथे एकट्याने काहीही करू नये. 'सेफ्टी' लिहिलेली ॲसिटेट फिल्म खराब होऊ लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो, पण नाक लावून तपासायची सवय लावू नका. त्यासाठी ए-डी पट्ट्या, म्हणजे आम्ल लागलं की रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. खोक्यात पट्टी ठेवून खोका बंद करायचा आणि खोलीच्या तापमानाला दिवसभराने बघायचा. पट्टी निळी असली तर ठीक, हिरवी झाली तर ऱ्हास सुरू, पिवळी झाली तर परिस्थिती गंभीर. चार खोक्यांत चार पट्ट्या ठेवल्या की कोणता खोका आधी थंड साठ्यात जायला हवा हे विद्यार्थीच सांगतात. थंड साठ्यातून खोका काढताना तो हवाबंद पिशवीतच राहू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी उघडावा, नाहीतर फोटोंवर दव धरतं.

आता ब्रशबद्दल. हा धडा मला महागात पडला आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी एका तुकडीला काचेच्या निगेटिव्हची धूळ काढायला शिकवत होते. मऊ ब्रश मधून कडेकडे कसा न्यायचा ते दाखवलं आणि मी दुसऱ्या टेबलाकडे वळले. एका विद्यार्थिनीने अगदी मी दाखवलं तसाच ब्रश फिरवला. कडेजवळचा जिलेटिनचा थर काचेपासून सुटून वर उचलला होता, समोरच्या प्रकाशात तो दिसत नव्हता. ब्रशबरोबर नखाएवढी खपली निघून टेबलावर पडली. त्या खपलीत एका घराच्या छपराचा कोपरा होता. ती मुलगी रडायला लागली. चूक तिची नव्हती. अवस्था तपासण्याआधी मी साधन हातात दिलं होतं, ती माझी चूक होती आणि मी तिला सगळ्यांसमोर तसं सांगितलं. आम्ही दोघींनी कागदाच्या अरुंद पट्टीवर खपली उचलून घेतली, छोट्या पाकिटात ठेवली, त्यावर निगेटिव्हचा क्रमांक आणि तारीख लिहिली आणि ते पाकीट निगेटिव्हच्या शेजारीच खोक्यात ठेवलं. नोंदीत काय झालं ते जसंच्या तसं लिहिलं.

तेव्हापासूनचा क्रम असा. आधी चारही कडा आडव्या प्रकाशात बघायच्या. थर सुटलेला, फुगलेला, भुकटी होणारा दिसला तर तो नग साफच करायचा नाही, 'साफसफाई नाही' असं लिहून पुढे जायचं. कडा घट्ट असतील तर आधी हाताने दाबायच्या रबरी फुग्याची हवा, मग गरज असली तरच ब्रश. काचेची उघडी बाजू आणि थर असलेली बाजू आधी निश्चित करायची. तिरप्या प्रकाशात थराची बाजू मंद दिसते, काच चमकते. सुती हातमोजे नकोत, काच त्यांतून निसटते आणि त्यांचे धागे सुटलेल्या थरात अडकतात. नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे, घट्ट बसणारे मोजे घ्या.

पाकिटांचा कागद घेताना नुसतं 'ॲसिड-फ्री' वाचून समाधान मानू नका. फोटोंसाठी 'फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट', म्हणजे कागद फोटोला इजा करतो का हे पाहणारी चाचणी, उत्तीर्ण झालेला कागद मागा. आयएसओ १८९१६ हे त्या चाचणीचं मानक. प्लास्टिक घ्यायचं तर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन. पीव्हीसीला कपाटात जागाच नको. सायनोटाइपला अल्कधर्मी कागद चालत नाही, त्याची निळाई जाते, म्हणून त्याला साधा, उदासीन कागद. काचेच्या निगेटिव्हला चार पंखांचं, म्हणजे चारही बाजूंनी दुमडून मिटणारं, डिंक नसलेलं कागदी पाकीट करायचं. ते विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून, कापून, घडी घालून करावं, त्यात हात बसतो. लिहायचं ते नग आत घालण्याआधी आणि पेन्सिलने. काचा लांब कडेवर उभ्या ठेवायच्या, फुटलेल्या आडव्या आणि स्वतंत्र. खोका पूर्ण भरला की उचलून बघा. एकट्याला जड वाटला तर दोन खोके करा. साठ्यात सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आणि शक्य तितकी स्थिर, तापमान जितकं थंड राखता येईल तितकं.

आणि जुनी पाकिटं टाकू नका. एका संस्थेत आम्ही तपकिरी पडलेली पाकिटं नवी आल्यावर काढून टाकली. समोर लिहिलेलं सगळं उतरवून घेतलं होतं. पाकिटाच्या आतल्या पंखावर छायाचित्रकाराने स्वतःच्या वहीचा क्रमांक टाकला होता हे आम्हाला शेवटच्या सहा पाकिटांत दिसलं. वही संस्थेकडे होती. सहा फोटोंतल्या माणसांची नावं मिळाली, बाकीच्यांची गेली. आता प्रत्येक जुनं पाकीट उलगडून दोन्ही बाजूंनी स्कॅन होतं आणि वेगळ्या खोक्यात त्याच क्रमांकाने राहतं.

रोजच्या कामातली शेवटची पंधरा मिनिटं लिहिण्यासाठी राखून ठेवा. अर्ज भरल्यासारखे रकाने हवेतच, पण शेवटी एक मोकळी जागा असावी: आज काय ठरवलं आणि का. 'क्रमांक ४७ साफ केला नाही, खालची कड सुटली आहे.' 'क्रमांक ५२ अल्ब्युमेन वाटतो पण तंतू स्पष्ट नाहीत, मॅडमना दाखवायचा.' मी आठवड्यातून एकदा फक्त हे मोकळे रकाने वाचते. मूल शिकतंय की नाही ते तिथेच कळतं. चूक ओळख केली असेल तर मी ती खोडत नाही, खाली माझ्या नावाने वेगळं मत लिहिते आणि दोघं मिळून पुन्हा भिंगाखाली बघतो. दोनदा माझंच मत चुकीचं निघालं आहे.

विद्यार्थी दरवर्षी बदलतात, खोके तिथेच राहतात. म्हणून शेवटच्या दिवशी निरोपाच्या आधी एक काम असतं. दोघांनी पुढच्या तुकडीसाठी एक पान लिहायचं: खोक्यात काय आहे, काय पूर्ण झालं, काय मुद्दाम सोडलं, कुठे हात सांभाळायचा. ते पान त्याच चांगल्या कागदावर, पेन्सिलने, आणि खोक्याच्या झाकणाच्या आत एका पाकिटात. पुढच्या वर्षी नवी दोघं झाकण उघडतात तेव्हा मी बाजूला उभी राहते. ती पान वाचतात, एकमेकांकडे बघतात आणि ब्रशच्या आधी टॉर्च मागतात.