हायकोउला राहायला येणाऱ्यांसाठी

हायकोउ आणि आपले नाशिक ही दोन्ही शहरे जवळपास एकाच अक्षांशावर, सुमारे २० अंश उत्तरेला आहेत. त्यामुळे चीनच्या हायनान या उष्ण बेटावर येताना मराठी माणूस थंडीचे कपडे घेत नाही आणि पहिल्याच हिवाळ्यात फसतो. जानेवारीत उत्तरेची लाट आली की पारा दहा-बारा अंशांवर उतरतो, दिवसभर झिमझिम पाऊस लागतो आणि घरात ऊब देणारी कोणतीही सोय नसते. त्यानंतर, वसंताच्या तोंडावर, भिंतींना आणि फरशीला अक्षरशः घाम फुटतो. आईने दिलेला गोडा मसाला मी पहिल्या वर्षी ओट्यावरच्या फळीवर ठेवला होता. मार्चमध्ये झाकण उघडले, तेव्हा त्याची एकसंध ढेप झाली होती आणि तिच्यावर हिरवट लव आली होती. तेव्हा मसाले, पापड आणि कडधान्ये सरळ फ्रीजमध्ये ठेवावीत आणि ओल शोषणारे यंत्र पहिल्याच महिन्यात घ्यावे.

कागदपत्रांविषयी दोनच गोष्टी सांगते. भाड्याच्या घरात राहणाऱ्या परदेशी व्यक्तीने पोहोचल्यापासून २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करावी लागते. हॉटेलात उतरल्यास हे काम हॉटेलच करते. मी चौथ्या दिवशी गेले आणि अर्धा दिवस खुलासे लिहीत बसले. नोकरीच्या किंवा दीर्घ शिक्षणाच्या व्हिसावर आलेल्यांनी ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. बाकी सारे व्यवहार फोनवर चालतात, म्हणून वीचॅट आणि अलीपे या पैसे देण्याच्या अ‍ॅपना आपले कार्ड निघण्यापूर्वीच जोडून ठेवावे.

बहुतेक नवागत पहिल्या सुट्टीत वेगवान गाडीने दक्षिणेला सान्याच्या किनाऱ्यांवर धावतात. माझा सल्ला असा की ती घाई करू नये. सान्या पर्यटकांचे आहे. हायकोउ राहणाऱ्यांचे आहे आणि ते समजून घ्यायचे, तर येथे शिक्षा म्हणून धाडले गेलेले लोक आणि येथून पोटासाठी बाहेर गेलेले लोक, या दोघांच्या खुणा पाहाव्या लागतात.

राजधानीपासून सर्वांत दूरची जागा म्हणून जुन्या राजवटी नकोशा झालेल्या अधिकाऱ्यांना हायनानला पाठवीत. थांग आणि सुंग या जुन्या राजघराण्यांच्या काळातील अशा पाच जणांच्या स्मरणार्थ १८८९ मध्ये बांधलेले ‘वूकुंग-स’ हे स्मारकमंदिर आज शहराच्या मध्यातच आहे. कवी सू तोंगपो १०९७ मध्ये या बेटावर हद्दपार होऊन आले आणि पश्चिमेकडील तानचौला तीन वर्षे राहिले; त्यांनी दाखवून दिलेला म्हणून सांगितला जाणारा झरा याच आवारात आहे. याच्या उलट कथा हाय रुई या मिंगकालीन अधिकाऱ्याची. ते येथलेच, मिंग सम्राटाला खडसावणारे पत्र लिहिण्यापूर्वी त्यांनी स्वतःची शवपेटी विकत घेऊन ठेवली होती, असे सांगतात. त्यांची समाधी शहराच्या पश्चिम भागात आहे आणि सकाळी तेथे गर्दी नसते.

बाहेर गेलेल्यांची खूण म्हणजे छिलौ, अर्थात जुन्या बाजारपेठेतील कमानींच्या इमारती. सिंगापूर, मलाया आणि सयामला गेलेल्या हायनानी लोकांनी कमावलेला पैसा परत आणून प्रामुख्याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या उभारल्या. वरचा मजला पदपथावर पुढे आलेला असल्यामुळे भर पावसातही कोरडे राहून खरेदी करता येते. चोंगशान रस्ता डागडुजी करून चकाचक केला आहे, पण मला मागच्या गल्ल्याच अधिक आवडतात, कारण तेथे अजून सुक्या मासळीची आणि धूपकाड्यांची दुकाने चालू आहेत.

याच स्थलांतराने येथला चहाही बदलला. ‘लाओ-बा-छा’, म्हणजे शब्दशः ‘बाबांचा चहा’, हे येथील चहाच्या दुकानांचे नाव आहे. एक किटली मागवून तीन तास बसले, तरी कोणी उठवत नाही; चहात आणि कॉफीत गोड आटीव दूध घालतात आणि शेजारच्या टेबलावर वृद्ध मंडळी लॉटरीच्या आकड्यांचे तक्ते पसरून अशा गांभीर्याने वाद घालतात, की मुंबईच्या मटक्याची आठवण यावी. भाषा शिकायला याहून चांगला वर्ग नाही. मात्र ही मंडळी आपसात मंदारिन, म्हणजे प्रमाण चिनी, बोलत नाहीत, हायनानी बोलतात, हे ध्यानात असू द्यावे.

खाण्यात वनछांग या शेजारच्या शहराची कोंबडी पहिली. ती उकळीखालच्या पाण्यात शिजवून, साधारण गारच वाढतात आणि आले, लसूण व बोराएवढ्या आंबट लिंबाच्या चटणीत बुडवून खातात; सिंगापूरच्या प्रसिद्ध ‘चिकन राइस’चे मूळ हेच. ‘हायनान-फन’ या तांदळाच्या शेवयांवर बहुधा वाळवलेल्या गोमांसाचे तुकडे असतात, म्हणून न खाणाऱ्यांनी आधीच सांगावे. शाकाहाऱ्यांनी ‘वो छ्र सू’ हे तीन शब्द पाठ करावेत आणि तरीही भाजी डुकराच्या चरबीत परतली आहे का, ते विचारावे. नारळाच्या दुधात मूग, लाल चवळीसारखे दाणे, खजुरासारखी बोरे आणि कलिंगड घातलेले ‘छिंग-पू-ल्यांग’ मात्र निर्धास्तपणे घ्यावे, फक्त लाव्याचे अंडे काढायला सांगावे. पिवळ्या मिरचीची स्थानिक चटणी मी ठेच्याऐवजी वापरते. पहिल्या वेळी अर्धा चमचा पुरे.

कोपऱ्याकोपऱ्यावर हिरवी सुपारी, विड्याचे पान आणि शिंपल्यांचा चुना घेऊन बसलेल्या बायका दिसतील. लग्न ठरवताना सुपारी देण्याची रीत येथेही आहे, ही गोष्ट मी सांगितली, तेव्हा सासूबाईंना चीन प्रथमच जवळचा वाटला.

वादळांना हलके घेऊ नये. ६ सप्टेंबर २०२४ रोजी ‘यागी’ शेजारच्या वनछांगला धडकले आणि आमच्याकडे कित्येक दिवस वीज व पाणी नव्हते. इशारा येताच बादल्या भराव्यात, पॉवर बँक चार्ज करावी, बाल्कनीतील कुंड्या आत घ्याव्यात आणि विजेची स्कूटर तळघरातून वर आणावी.

चांद्र वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात शिनपो गावात सहाव्या शतकातील नेत्या शिएन यांची जत्रा भरते. काही ठिकाणी भक्त गालातून सळई आरपार घालतात. साताऱ्याकडचे बगाड पाहिलेल्याला त्याचे फारसे नवल वाटणार नाही. त्या दिवशी घरोघरी पंगती असतात आणि ओळखीच्या ओळखीलाही आग्रहाने बसवतात. एखाद्या सहकाऱ्याने बोलावले तर फळांची पेटी घेऊन जावे, आणि मांस खात नसल्यास आदल्या दिवशीच कळवावे, म्हणजे यजमानीणबाई वेगळी कढई काढून ठेवतात.